गॅरेज वायव्येला

आमचा प्लॉट दक्षिणमुखी आहे, आणि दक्षिणमुखी होता म्हणूनच तो आमच्या आवाक्यात आला. विकणाऱ्याने ही गोष्ट अगदी शेवटी, चहा पिऊन झाल्यावर सांगितली. "बाकी सब बढ़िया है साहब, बस रोड दक्खन में पड़ता है." लग्न ठरत आल्यावर मुलीचा मंगळ सांगावा तसा त्याचा सूर होता. आमचे हे म्हणाले, "रोड आहे ना? मग झालं." तेव्हा ह्यांना दिशांचं काही वाटत नसे.

हे सिंचन विभागात इंजिनियर होते. माळव्यातल्या कितीतरी गावांतून ह्यांनी कालव्यांच्या रेषा नेल्या. लोक भेटायला यायचे. कुणाची विहीर रेषेत यायची, कुणाच्या गोठ्याचा कोपरा, कुणाच्या भेरूजींचा, म्हणजे भैरवाचा, ओटा. हे नकाशा पसरून शांतपणे समजावायचे की पाणी उतारानेच जातं आणि रेषा एकदा ठरली की ठरली. रात्री जेवताना मला सांगायचे, "लोकांना आपल्या अंगणापलीकडे काही दिसतच नाही." मी पोळी वाढायचे. मी मुलींच्या सरकारी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणजे वर्षानुवर्षं दिशाच शिकवत होते, पण त्या बाबतीत घरात मला कधी कोणी काही विचारलं नाही.

प्लॉट उज्जैनला, भैरवगढच्या बाजूला एका नव्या कॉलनीत होता, आणि बरीच वर्षं नुसताच पडून होता. नुसता म्हणजे आमच्या लेखी. उजव्या हाताला, पूर्वेकडे, छपाईचं काम करणाऱ्या एका कुटुंबाचं घर होतं. घरातले पुरुष भैरवगढच्या कारखान्यात ठसे मारायचे आणि घरची बाई चादरी धुऊन, वाळवून, घड्या करून द्यायची. तिचं अंगण लहान पडायचं म्हणून ती उरलेल्या चादरी आमच्या प्लॉटवर पसरायची. आम्ही कधी जागा बघायला गेलो की ती लगबगीने येऊन मधल्या दोन चादरी उचलायची आणि आम्हाला उभं राहण्यापुरती आमची जमीन मोकळी करून द्यायची. "आओ दीदी, बैठो," असंही म्हणायची. आम्ही बसायचो.

घर बांधायची वेळ आमच्यावर महाकालामुळे आली. आम्ही फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहत होतो. मकानमालक भला माणूस होता. पण दर्शनाला येणारी गर्दी वाढत गेली तसतशा गावातल्या प्रत्येकाला आपल्या घरात जास्तीच्या खोल्या दिसायला लागल्या. एक दिवस ते पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "भक्तों की सेवा करने का मन है." आम्ही भक्त नव्हतो, भाडेकरू होतो, त्यामुळे आम्हाला जागा सोडायची होती. त्यांनी पुरेशी मुदत दिली आणि पेढ्यांचा डबाही परत नेला नाही.

ह्यांना एकाच गोष्टीची हौस होती. "बाकी घर तुला पाहिजे तसं कर," हे म्हणाले. "मला गाडीला गॅरेज पाहिजे. शटरवालं." आमची गाडी छोटी, पांढरी, जुनी. फ्रीगंजच्या गल्लीत तिने खूप सोसलं होतं. यात्रेकरूंच्या जीपा तिला कोंडून जायच्या, कुणीतरी रामघाटावरून आलेलं ओलं धोतर तिच्यावर वाळत घालायचं, आणि एका गाईला तर आमच्याच आरशाला मान घासल्याशिवाय चैन पडायचं नाही. हे सकाळी उठून आधी खिडकीतून गाडी बघायचे, मग दात घासायचे.

नकाशा काढायला मी माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीला बोलावलं. आता ती आर्किटेक्ट झाली होती. शाळेत असताना मागच्या बाकावर बसायची, नकाशे सुंदर रंगवायची आणि नद्या हमखास उलट्या वाहवायची. तिने दोनदा येऊन जागा पाहिली आणि एक साधा नकाशा करून दिला. घर डाव्या बाजूला, म्हणजे पश्चिमेकडे. उजव्या बाजूला पुढे, गेटाच्या लगेच आत, गॅरेज. त्याच्या मागे शेजारणीच्या कुंपणापर्यंत मोकळं अंगण. "सर, गेट खुला, गाड़ी अंदर, शटर बंद. बस," ती म्हणाली. ह्यांनी पट्टी लावून लावून पाहिलं आणि त्यांना एकही चूक सापडली नाही. मला तो नकाशा इतका आवडला की त्याची एक प्रत मी फ्रिजवर चिकटवली.

मग रविवारी माझे मोठे दीर आले.

भावजी इंदूरला राहतात. तेव्हा राहत होते. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी परदेशात. सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटेच असायचे. त्या फ्लॅटचं तोंड कुठे असावं हे बिल्डरने त्यांना विचारलं नव्हतं, आणि बहुधा त्यामुळेच निवृत्तीनंतर त्यांनी वास्तुशास्त्राचा अभ्यास सुरू केला होता. स्वतःच्या घरात काही सरकवता येत नसल्याने ते दुसऱ्यांच्या घरात सरकवायचे. फोनमध्ये होकायंत्र होतं. कुणाकडेही गेले की आधी खोलीच्या मधोमध उभे राहून ते उघडायचे आणि मग चप्पल काढायचे.

पोहे खाता खाता त्यांची नजर फ्रिजवर गेली. ते उठले, नकाशाजवळ गेले, आणि त्यांचा घास तोंडातच राहिला.

"गॅरेज आग्नेयेला?"

"पुढे आहे दादा. गेटाजवळ. सोयीचं," हे म्हणाले.

"आग्नेय म्हणजे अग्नीचा कोपरा. तिथे तू पेट्रोल नेऊन ठेवणार?"

हे उठून नकाशाजवळ गेले. नकाशात हा मुद्दा खरंच लक्षात घेतलेला नव्हता.

"आधीच प्लॉट दक्षिणमुखी," भावजी पुढे म्हणाले. "त्यात हे."

इथे ह्यांनी एक मुद्दा काढला. मला तो त्या वेळी बिनतोड वाटला. "दादा, साक्षात महाकाल दक्षिणमुखी आहे. अख्खं उज्जैन त्याच्या भरवशावर चाललंय. मग आपल्यालाच काय होणार आहे?"

भावजींनी चमचा खाली ठेवला. "महाकाल दक्षिणमुखी आहे, कारण तो काळाचा स्वामी आहे. तू सिंचन विभागातून निवृत्त झालेला माणूस आहेस."

 मग त्यांनी गॅरेजची खरी जागा सांगितली. वायव्य. "वायव्य हा वाऱ्याचा कोपरा. तिथे ठेवलेली गोष्ट अडकून पडत नाही, चालती राहते. म्हणून वाहन तिथे. पाहुण्यांची खोली तिथे. लग्नाच्या मुलीची खोलीही तिथेच."

"म्हणजे जे जे घरातून गेलं तर बरं, ते सगळं," मी म्हटलं.

"तू चेष्टा कर," भावजी म्हणाले. "पण तू भूगोल शिकवलायस. तुला तरी वारा कळायला हवा."

मला वारा कळत होता, आणि नकाशाही कळत होता. आमचा रस्ता दक्षिणेला, म्हणजे वायव्य हा प्लॉटचा मागचा डावा कोपरा. गाडीला तिथे पोहोचायचं तर डाव्या भिंतीच्या कडेकडेने प्लॉटच्या शेवटापर्यंत जायला हवं. तेवढी पट्टी गाडीच्या रस्त्यालाच जाणार, आणि घर तेवढंच उजवीकडे, शेजारणीच्या कुंपणाला खेटून उभं राहणार. आर्किटेक्टला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिने आधी प्लॉटची मापं परत वाचून दाखवली. मग म्हणाली, "मॅडम, फिर तो गाड़ी का मकान हो जाएगा. आप लोग उसमें किराएदार रहोगे."

भाड्याने राहायची सवय होती, हा भाग वेगळा.

ही बातमी शेजारणीला कशी कळली कोण जाणे. आम्ही पुढच्या खेपेला प्लॉटवर गेलो तर ती चादरी न उचलताच समोर आली. "दीदी, सुना है मकान इधर सरक रहा है?" मग तिने आम्हाला बरेच सल्ले दिले. डाव्या बाजूला हवा चांगली लागते. उजव्या बाजूची माती पोकळ आहे. उजवीकडे एकदा साप निघाला होता. तिच्या प्रत्येक सल्ल्यात तिचा फायदा होता, आणि तो लपवायचा तिने काही प्रयत्नही केला नाही. साप कुठल्या साली निघाला असं ह्यांनी विचारलं तेव्हा ती सरळ म्हणाली, "भाईसाहब, धूप चली जाएगी मेरी. बात इतनी है."

मी ह्यांना म्हटलं, "तिचं खरं आहे. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला, की आपल्या घराची सावली थेट तिच्या अंगणात."

"हे शाळेतलं झालं," हे म्हणाले.

मी तिच्याकडून एक लांब बांबू मागून घेतला आणि घराची उजवी भिंत जिथे येणार होती तिथे तो रोवायला लावला. मग आम्ही तिघं तिच्या ओट्यावर चहा पीत बसलो. ऊन कललं तशी बांबूची सावली जमिनीवरून सरकली, कुंपणाच्या तारेपाशी गेली, तारेखालून पलीकडे गेली आणि लाल-काळ्या ठशांच्या एका चादरीवर आडवी पडली. शाळेत हा प्रयोग मी दर वर्षी करायचे, पण मुलींनी इतक्या मन लावून तो कधी पाहिला नव्हता. ह्यांनी उठून सावलीची लांबी पावलांनी मोजली, परत येऊन खाली बसले आणि शेजारणीला म्हणाले, "चिंता मत करो. मकान नहीं सरकेगा."

त्याच संध्याकाळी भावजींचा फोन आला. मी भाजी चिरत होते. "हो दादा," हे म्हणाले. "वायव्यच. तुम्ही सांगितलंय ना, मग झालं." थोड्या वेळाने आर्किटेक्टचा आला. "हाँ बेटा, तुम्हारा ही नक्शा फाइनल है." मी सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "अहो, नक्की काय ठरलं?"

"तुला काय पाहिजे?"

"मला फ्रिजवरचं पाहिजे."

"मग तेच," हे म्हणाले, आणि सर्वांचं समाधान झालं अशा चेहऱ्याने बातम्या लावल्या.

मी त्यांना फार बोलू शकले नाही, कारण भावजींचं त्यांच्यावर काय ऋण आहे ते मला ठाऊक होतं. सासरे लवकर गेले. ह्यांना सायकल शिकवण्यापासून कॉलेजात दाखल करण्यापर्यंत सगळं भावजींनी केलं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि बोलून दाखवलं असतं तर हे निदान एकदा तरी भांडले असते.

भूमिपूजनाच्या दिवशी सकाळी ज्यांना ज्यांना होकार मिळाला होता ते सगळे प्लॉटवर हजर होते. आर्किटेक्ट नकाशाची गुंडाळी आणि दोन माणसं घेऊन आली होती. शेजारीण नवी साडी नेसून, तबकात हळदकुंकू आणि नारळ घेऊन उभी होती. त्या दिवशी तिने एकही चादर पसरली नव्हती. भावजी पहिल्या बसने इंदूरहून आले होते, पिशवीत तांब्याच्या तारा आणि पंचरत्नाची पुडी. गुरुजींना पुढे अजून दोन भूमिपूजनं असल्याने त्यांनी मंत्र भरभर म्हटले, प्रसाद दिला आणि मोटरसायकलवर बसून गेले. त्यानंतर आर्किटेक्टच्या माणसांनी दोऱ्या ताणल्या आणि चुना टाकायला सुरुवात केली. घर डावीकडे. गॅरेज पुढे, उजवीकडे.

भावजी बघत राहिले. मग त्यांनी ह्यांना विचारलं, "हे काय आहे?"

हे म्हणाले, "दादा, तो पहिला विचार होता, तसं ते आधी टाकून बघताहेत."

"पहला नहीं सर, फाइनल," आर्किटेक्ट म्हणाली. तिचाही काही दोष नव्हता.

शेजारीण म्हणाली, "यही तो बोला था भाईसाहब ने."

भावजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी पिशवी उचलली, काखेला लावली आणि हळूच म्हणाले, "तुझं घर आहे. तू ठरव. मला दुपारची बस मिळेल." आणि ते निघाले. गेट अजून झालेलं नव्हतं, चारी बाजू मोकळ्याच होत्या, पण नकाशात गेट जिथे होतं, बरोबर तिथूनच ते बाहेर पडले.

हे चुन्याची मूठ भरून उभे होते.  मग त्यांनी बुटाने पायाजवळची रेषा पुसली. नंतर पुढची. आर्किटेक्टने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम?" ती म्हणाली. मी म्हणाले, "मिटा दो बेटा. सर जैसा बोलें वैसा डाल दो." शेजारणीने तबकातला नारळ आमच्या होणाऱ्या घराच्या कोपऱ्यावर ठेवला आणि ती आपल्या घरात गेली. हे रस्त्यापर्यंत पळत जाऊन भावजींना परत घेऊन आले.

भावजींना बसवर सोडून परतताना गाडीत मी बाहेर बघत बसले होते. मला त्या सगळ्या गावांतले लोक आठवत होते, ज्यांच्या विहिरींसाठी रेषा कधी हातभरही हलली नव्हती. हे म्हणाले, "दादा कधी काही मागत नाहीत गं."

"आज मागितलं ना?"

"म्हणूनच," हे म्हणाले.

काम सुरू झालं तेव्हा ठेकेदाराने आधी गॅरेज बांधून घेतलं. त्याला सिमेंट ठेवायला जागा हवी होती. घर अजून जोत्यापर्यंतच आलेलं असताना फ्रीगंजच्या जागेची मुदत संपली. आमच्या बैठकीच्या खोलीवर तर एसी रूमची पाटीसुद्धा लागली. शेवटी सिमेंट एका बाजूला लावून आम्ही गॅरेजमध्येच राहायला आलो. दोन कॉट, गॅसची शेगडी, एक कूलर आणि ते शटर. सकाळी शटर वर केलं की अख्ख्या कॉलनीला आम्ही उठल्याचं कळायचं. अर्धं वर ठेवून आत चहा करत बसलो की लांबच्या लांब पट्टीतून रस्त्यावरचे लोक दिसायचे, आणि त्यांना आम्ही दिसायचो. एकदा एक गृहस्थ चालत शटरपर्यंत आले, सिमेंटच्या थैल्या पाहिल्या आणि मला विचारलं, "भाभीजी, बोरी क्या भाव?"

ह्यांना ते दिवस मनापासून आवडले, हे मला सांगायलाच हवं. सिमेंटच्या थैलीवर बसून ते समोर वाढणारं घर बघायचे. मी मात्र चिडलेली होते. घर बांधायला काढावं आणि गाडीच्या खोलीत संसार मांडावा, आणि गाडी मात्र रस्त्यावर, असं सगळं चाललं होतं. घराची उजवी भिंत जसजशी चढत गेली तसतशी शेजारीण दुपारी चादरी आधी पुढे, मग कडेला, मग अगदी रस्त्यालगत सरकवत गेली. भेटली की बोलायची, पण "बैठो" म्हणायची बंद झाली होती.

घर पूर्ण झालं. काळी माती पावसात फुगते, त्या भीतीने जोतं उंच घेतलं होतं, त्यामुळे दाराशी चांगल्या पायऱ्या झाल्या. वास्तुशांतीला भावजी आले. सगळं आटोपल्यावर मुख्य समारंभ राहिला होता. हे गाडीत बसले. गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून तयार होती. ती गेटातून आत आली, पट्टीतून सावकाश शेवटपर्यंत गेली आणि गॅरेजमध्ये शिरली. भावजींनी नारळ फोडला. ह्यांनी शटर ओढलं, परत उघडलं, परत ओढलं. इतकं समाधान मी त्यांच्या तोंडावर निवृत्तीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भावजींना बसवर सोडायचं होतं, म्हणून गाडी बाहेर काढायची होती. तेव्हा एक गोष्ट सगळ्यांच्या एकदम लक्षात आली. मागे गाडी वळवायला जागाच नव्हती. जशी आत आली तशीच, उलटी, पूर्ण पट्टीतून रस्त्यापर्यंत न्यायची. आणि ह्यांची मान मागे वळत नाही. टेबलावर वाकून नकाशे काढण्यात ती गेली. हे आरशांत बघत निघाले. अर्ध्या वाटेत डावा आरसा कुंपणाच्या भिंतीवर घासून गेला. ते सावरायला उजवीकडे घेतलं तर दुसरा घराच्या भिंतीवर, आमच्याच नव्या रंगावर एक लांब ओरखडा काढून. मी "थांबा, थांबा" ओरडत होते, शेजारणीची मुलं "आने दो, आने दो" ओरडत होती. दोन्ही आरसे लोंबकळत गाडी गेटाबाहेर पडली. हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

भावजी आपली पिशवी घेऊन मागून चालत आले. गाडीत बसले आणि म्हणाले, "बघ. वायव्येतून वाहन बाहेर पडतंच."

त्यानंतर गाडी गॅरेजमध्ये गेली नाही. ती रस्त्यावर गेटाशेजारी उभी राहायची. कॉलनीतली गाय फ्रीगंजच्या गाईपेक्षा वयाने लहान होती, पण मान तिलाही खाजवायची असे.

एक दिवस हे फडक्याने टप पुसत होते, तेव्हा शेजारीण भिंतीपाशी येऊन म्हणाली, "भाईसाहब, गाड़ी मेरे आँगन में लगा दिया करो. दोपहर बाद वहाँ अब छाया रहती है." तिने टोमणा मारला की सोय सांगितली, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं हे नाही म्हणतील. हे म्हणाले, "आपकी चादरें?"

"वही तो बोल रही हूँ," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "दीदी, आपकी छत पर दिन भर धूप है."

म्हणजे तिने विचार करून ठेवलेला होता. आमच्या गच्चीवर आम्ही लोणच्याच्या बरण्यांपलीकडे काही ठेवत नव्हतो. बाहेरून जिना होताच. त्या आठवड्यापासून तिच्या चादरी आमच्या गच्चीवर वाळायला लागल्या आणि आमची गाडी तिच्या अंगणात, आमच्याच घराच्या सावलीत, थंडगार उभी राहायला लागली. तिचं गेट मोठं आहे, गाडी एका वळणात आत जाते. आता दुपारी ती चादरी उलटवायला वर आली की आम्ही दोघी कठड्यापाशी बसतो. आर्किटेक्ट एकदा घर बघायला आली होती. तिने वर बघितलं, शेजारी बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, ये तो नक्शे में था ही नहीं."

गॅरेज रिकामंच होतं. मग भावजी पडले.

इंदूरच्या फ्लॅटमध्ये, न्हाणीघरात. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. त्या इमारतीची लिफ्ट चालू कमी आणि बंद जास्त. मुलीला परदेशातून येऊन कायम राहणं शक्य नव्हतं. हे जाऊन त्यांना घेऊन आले, आणि गाडीतून उतरवल्यावर आम्ही तिघंही घराच्या पायऱ्यांकडे बघत उभे राहिलो. वॉकर घेऊन त्या चढणं अशक्य होतं. आमच्या जागेत जमिनीच्या पातळीवरची, उंबरा नसलेली, रुंद दाराची एकच खोली होती.

कॉट परत गॅरेजमध्ये गेली. कोपऱ्यात संडास-बाथरूम काढून घेतलं. भावजी म्हणाले, "थोड्या आठवड्यांचाच प्रश्न आहे." मी म्हटलं, "वायव्य आहे भावजी. लवकर हिंडाफिरायला लागाल." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वॉकर कॉटला टेकवून ठेवला. मला बोलून गेल्याचं वाईट वाटलं. पण फार नाही.

पहिले काही महिने मला जड गेले. चहा, नाश्ता, जेवण, सगळं ताटात घेऊन पायऱ्या उतरून न्यायचं. भावजींना वरण जरा पातळ लागायचं, आणि तसं ते वरण संपल्यावरच सांगायचे. पण हळूहळू त्यांनीही हातपाय हलवायला सुरुवात केली. शटर वर करून दारात खुर्ची टाकून बसायचे, मटार सोलायचे, लसूण सोलायचे, पेपर मोठ्याने वाचून स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवायचे. वॉकरची काठी झाली. इंदूरचा फ्लॅट भाड्याने गेला. कधी परत जाणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

एकदा मात्र मला राहवलं नाही. मी मटारचं भांडं उचलताना म्हटलं, "भावजी, वायव्येला ठेवलेले पाहुणे टिकत नाहीत ना?"

"टिकत नाहीत," ते म्हणाले. "पाहुणे."

मी भांडं घेऊन पायऱ्या चढले. वर पोहोचेपर्यंत मला हसू येत होतं, आणि ओट्यापाशी आल्यावर थोडं रडूही आलं, ते का ते मला नीट सांगता येणार नाही.

गॅरेजला खिडकी नाही. गाडीला खिडकी कशाला लागते. हिवाळ्यात शटर खाली केलं की भावजींना आत कोंडल्यासारखं व्हायचं. गेल्या डिसेंबरात ह्यांनी ठरवलं की भिंतीला खिडकी पाडायची. मी म्हटलं, "आर्किटेक्टला बोलावू?" हे नाही म्हणाले. भावजींनीही होकायंत्रासाठी फोन काढला नाही. गवंडी येण्याच्या आदल्या दुपारी भावजी आत कॉटवर आडवे झाले, जसे झोपतात तसे. हे बाहेरून भिंतीच्या कडेने दगड घेऊन चालत गेले आणि ठिकठिकाणी ठोकत राहिले.

"दादा, इथे?"

"नाही. थोडा पुढे ये."

"इथे?"

"खाली. मी झोपलेला आहे, उभा नाही."

ठक, ठक. मी मागच्या दारात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते, तिथून मला हे दिसत होते आणि भावजी फक्त ऐकू येत होते. दोघंही सत्तरीच्या आसपासचे, आणि मध्ये एक भिंत. शेवटी एका जागी ठोकल्यावर आतून आवाज आला, "हां. इथे. इथून मागचं दार दिसेल का?"

ह्यांनी वळून दाराकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "दिसेल," हे म्हणाले. "आम्ही चहाला बसतो ती पायरीपण दिसेल."

"मग तिथेच," भावजी म्हणाले.

ह्यांनी खिशातून खडू काढला आणि भिंतीवर चौकोन आखला. रेषा जरा वाकडी आली. त्यांनी ती पुसली नाही.